धामकाठची सत्ता

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले म्हणजे दहा किलोमीटरांच्या आतच धाम नदी आडवी येते आणि तिच्या उंच काठावर पवनारचा आश्रम दिसू लागतो. राज्यसत्तेशी या गावाचा संबंध जुना आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर ते हेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले होते. पुढे काही संशोधकांनी ती राजधानी अन्यत्र शोधली असली, तरी येथील भूमीतून निघालेली शिल्पे त्या काळच्या वैभवाची साक्ष देतातच. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय याच गावी विसाव्या शतकात उदयाला आलेली एक निराळी सत्ता हा आहे. तिच्यापाशी सैन्य नव्हते, खजिना नव्हता, कचेरी नव्हती. ती ज्यांच्या ठायी एकवटली त्यांनी आयुष्यात कधी निवडणूक लढविली नाही की शासनातले कोणते पद स्वीकारले नाही. आणि तरीही तिच्या दारी पंतप्रधान वारंवार आले, तिच्या शब्दावर लाखो एकरांची दानपत्रे लिहिली गेली आणि तिच्या दोन शब्दांचा आधार स्वातंत्र्योत्तर भारतातील सर्वांत कठोर राजवटीने घेतला. ही सत्ता आचार्य विनोबा भावे यांची.

विनोबांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता, ते केवळ संत होते, असे त्यांचे भक्त सांगत आले. उलट ते ‘सरकारी संत’ होते, असा शिक्का त्यांच्या टीकाकारांनी मारला. हे दोन्ही निर्णय मला अपुरे वाटतात. ज्याच्या शब्दाने माणसे वागतात त्याच्या हाती सत्ता असते, मग त्याला ती हवी असो वा नसो. विनोबांनी ती मागितली नाही, आणि हाती आल्यावर तिची व्यवस्था लावण्याचेही नाकारले. त्यांच्या थोरवीचे मूळ आणि त्यांच्या कार्याच्या राजकीय परिणामांतील गुंतागुंतीचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे.

त्यांचा उत्कर्ष मंद गतीने झाला. विनायक नरहरी भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावचा, शिक्षण बडोद्याचे. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तेथे गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाची वार्ता त्याच्या कानी आली, पत्रव्यवहार झाला, आणि 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींपुढे उभा राहिला. 1921 साली जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमावर धाडले. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे सूतकताई, अध्यापन, गीतेचे चिंतन आणि अधूनमधून तुरुंग यांत गेली. ‘गीताई’ याच काळातली, आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीता-प्रवचनेही याच काळातली. देशाच्या राजकारणात त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

1938 च्या मार्चमध्ये प्रकृती अगदी खालावली तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला बाजूला ठेवून विनोबा पवनारला जमनालालजींच्या नदीकाठच्या बंगल्यात राहावयास आले. मोटार धामेच्या पुलावरून जात असता त्यांनी सर्व कामांचा मनाने संन्यास केला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. येथे ते रोज थोडे थोडे खणू लागले, आणि त्या खोदण्यात भरत-राम भेटीची एक प्राचीन शिला हाती लागली. ती आजही आश्रमाच्या मंदिरात आहे. राज्य नाकारून पादुकांच्या नावे कारभार पाहणारा भरत हा त्यांचा आवडता आदर्श होता, हे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग ऑक्टोबर 1940 आला. युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली आणि दुसऱ्या क्रमांकावर जवाहरलाल नेहरूंचे नाव होते. हे विनोबा कोण, असा प्रश्न देशभर उठला, इतका की गांधीजींना ‘हरिजन’मध्ये लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. 17 ऑक्टोबर रोजी पवनार गावातच विनोबांनी पहिले भाषण केले. ज्या गावात बहुतेक माणसे कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात राबणारी, त्या गावातून साम्राज्याच्या युद्धाला नकार गेला. लौकिकदृष्ट्या विनोबांच्या सत्तेचा आरंभ हाच म्हणावा लागेल. पण गांधीजी गेल्यावर वारसा कोणाकडे जाणार, हा प्रश्न 1948 सालीही अनुत्तरितच होता. राज्याचा वारसा नेहरूंकडे गेला हे स्पष्ट होते. दुसऱ्या, अधिक दुर्घट वारशाला धनी नव्हता.

1950 च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता: बैलांवाचून केवळ हातांनी करावयाची ‘ऋषिशेती’, पैशाचा व्यवहार बंद, विहिरीतून पाणी काढण्यासाठी माणसांनीच रहाट ओढावयाचा. त्याच वेळी नागपूरच्या सरकारात मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा संमत झाला होता आणि 31 मार्च 1951 पासून वऱ्हाड-मध्यप्रांतातील मालगुजारांचे स्वामित्व सरकारजमा व्हावयाचे होते. या तारखेच्या अवघे तीन आठवडे आधी, 8 मार्चला, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पायी निघाले. कायद्याने जमीन काढून घेण्याची एक वाट आणि मागून मिळविण्याची दुसरी वाट, या दोन्ही एकाच मुलुखातून, एकाच महिन्यात फुटल्या होत्या.

तेलंगणात तेव्हा कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. रात्री त्यांचा अंमल, दिवसा पोलिसांचा, आणि मध्ये रयत. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीच्या हरिजन वस्तीत विनोबांनी लोकांना काय हवे ते विचारले. चाळीस कुटुंबे होती. त्यांनी जमीन मागितली. किती, तर ऐंशी एकर. विनोबांनी प्रथम सरकारकडे अर्ज करण्याचे सुचविले, आणि मग जमलेल्या गावकऱ्यांकडे वळून, तुमच्यापैकी कोणी देऊ शकेल काय, असे सहज विचारले. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागणारे ऐंशीवर ठाम होते, देणारा शंभरावर. त्या रात्री विनोबांना झोप आली नाही, असे सांगतात, आणि यात आश्चर्य नाही; ज्या प्रश्नावर कित्येक वर्षे रक्त सांडत होते त्याचे एक उत्तर सायंप्रार्थनेपूर्वी, कोणत्याही मसुद्यावाचून, त्यांच्यासमोर येऊन पडले होते. पुढच्या एक्कावन्न दिवसांत त्यांना 12,201 एकर मिळाले.

यानंतरची चढण फार वेगाची आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा घेऊन नियोजन मंडळाचे रा. कृ. पाटील पवनारला आले. विनोबांनी त्यातील अन्नधान्याविषयीच्या व ग्रामोद्योगाविषयीच्या धोरणावर कठोर टीका केली. नेहरूंनी त्यांना दिल्लीला येऊन बोलण्याची विनंती केली आणि विमान देऊ केले. विनोबा 12 सप्टेंबर 1951 ला पवनारहून निघाले ते दोन महिने पायी चालून 13 नोव्हेंबरला राजघाटावर पोहोचले. योजना आखणारी मंडळी त्यांच्या झोपडीत येऊन बसली. आपल्या वेळेचे नियमन दिल्लीने करू नये, दिल्लीनेच आपल्या चालण्याच्या गतीला थांबावे, हे त्यांनी एका शब्दाचाही अहंकार न दाखविता साध्य केले. मला ही त्यांच्या सत्तेची सर्वांत शुद्ध घटका वाटते.

मग पाच कोटी एकरांचा संकल्प झाला. सहावा हिस्सा द्या, घरात मी सहावा भाऊ आहे असे समजा, ही मागणी गावोगाव गेली. उत्तर प्रदेशाने 1952 साली, तेव्हाच्या मध्य प्रदेशाने 1953 साली आणि बिहारने 1954 साली भूदानयज्ञाचे कायदे केले. वर्धा त्या वेळी मध्य प्रदेशातच होते, आणि विदर्भाला तोच कायदा लागू राहिला. एका फकिराच्या मागणीचे रूपांतर विधिमंडळांच्या अधिनियमात होणे ही आपल्या इतिहासातील असामान्य गोष्ट होय. सप्टेंबर 1957 मध्ये म्हैसूरजवळच्या येलवाल येथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद हे एकाच बैठकीत ग्रामदानाला, म्हणजे जमिनीची मालकी अवघ्या गावाच्या नावे करण्याच्या विचाराला, पाठिंबा देण्यासाठी जमले. असे दृश्य दुसऱ्या कोणत्याही नेत्याला तेव्हा घडविता आले नसते.

याचे राजकीय फलित मात्र सरळ नव्हते. जमिनीचा प्रश्न हिंसेवाचून सुटावा, ही विनोबांची आकांक्षा निखळ होती. पण त्याच वेळी जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारे कायदे राज्याराज्यांत रेंगाळत होते, आणि भूदानाच्या तेजाने दिपलेल्या शासनकर्त्यांना त्या रेंगाळण्याची लाज वाटेनाशी झाली, हेही खरे आहे. मालकाने स्वखुशीने दिले तर कायद्याची घाई कशाला, असे ज्यांना म्हणावयाचे होते त्यांच्या हाती एक सोज्वळ निमित्त आले. विनोबांनी हे निमित्त पुरविले नाही, ते त्यांच्यापासून उचलले गेले. ही उचलेगिरी पुढे अधिक भयंकर रूपात दिसणार होती.

दुसरा परिणाम विरोधी पक्षांवर झाला. एप्रिल 1954 मध्ये बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी भूदानासाठी जीवनदान जाहीर केले. समाजवाद्यांचा सर्वांत लोकप्रिय नेता, नेहरूंना पर्याय म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते असा पुरुष, पक्षीय राजकारणातून बाहेर पडला. काँग्रेसची दीर्घ एकछत्री राजवट अनेक कारणांनी टिकली; विरोधकांच्या तळातून एवढा मोठा खांब निघून पवनारच्या बाजूला उभा राहिला, हे त्यांपैकी एक कारण निश्चित होते. तेव्हा कोणाला वाटले असेल की वीस वर्षांनी हाच मनुष्य त्याच चळवळीतील कार्यकर्ते घेऊन दिल्लीच्या सिंहासनाला हादरा देईल?

तिसरी गोष्ट यंत्रणेची. 1956 च्या अखेरीस तमिळनाडूतील पळणी येथे विनोबांनी भूदान समित्या विसर्जित करविल्या आणि गांधी निधीचा पैसा घेणे थांबविले. चळवळ तंत्रमुक्त व निधिमुक्त असावी, हा विचार. विचार उदात्त होता यात मला शंका नाही. पण दानपत्र म्हणजे जमीन नव्हे. दिलेल्या जमिनीचा गट कोणता, ती पडीक की पिकाऊ, तिच्यावर कर्ज किंवा दावा आहे काय, मोजणी केव्हा, फेरफार कोण नोंदविणार, ताबा कोण देणार, आणि बैलजोडी व बियाणे कोठून येणार, हे सारे तलाठ्याच्या दफ्तरात आणि तहसील कचेरीत ठरते. प्रवचनाने मिळालेली जमीन कारकुनाच्या लेखणीवाचून कोणाच्या नावे होत नाही. एकूण सुमारे 42 लाख एकर दान मिळाल्याची नोंद झाली. त्यातला फार मोठा भाग वर्षानुवर्षे वाटपावाचून पडून राहिला, आणि काही तर नदीपात्र व खडक निघाले. पाच कोटींचा संकल्प आणि ही संख्या शेजारी ठेवली म्हणजे अपयश दिसते. पण जगात इतरत्र कोठे कोणी केवळ मागून एवढी भूमी मिळविली काय, असा प्रश्न घातला म्हणजे तेच अपयश अद्भुत वाटू लागते. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत.

ऑक्टोबर 1969 मध्ये राजगीरच्या संमेलनात ‘बिहारदान’, म्हणजे अवघ्या बिहारचे ग्रामदान, पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी नक्षलवादी धमक्यांच्या वार्तेवरून जयप्रकाशजी मुझफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी विभागात जाऊन राहिले आणि दान झालेली गावे बव्हंशी कागदावरच आहेत, असे त्यांना दिसून आले. त्या खेड्यांत राहताना त्यांच्या मनात जे खचले, त्याचे परिणाम देशाने चार वर्षांनी पाहिले. विनोबा मात्र 1970 साली क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारला स्थिर झाले होते. 1959 साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी तेथे शेती, स्वाध्याय आणि छापखाना सांभाळत होत्या. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने व्हावा, एकीचा विरोध असला तरी थांबावे, हा त्यांचा नियम. सत्तेचे असे विभाजन विनोबा आपल्या अंगणात करीत होते. देशात मात्र त्यांची स्वतःची सत्ता अविभक्त राहिली होती.

1974 साली बिहारचे आंदोलन पेटले आणि जयप्रकाशजी त्याच्या अग्रभागी आले. सर्वोदय कार्यकर्त्यांच्या सर्व सेवा संघाने त्यात उतरावे की नाही, या प्रश्नावर जुलैमध्ये वर्ध्याला जमलेले कार्यकर्ते दुभंगले. सत्य, अहिंसा आणि संयम ही बंधने पाळून ज्याला जावयाचे त्याने जावे, ज्याला नको त्याने राहावे, असा तोडगा विनोबांनी दिला. त्या वर्षीच्या नाताळापासून त्यांनी एका वर्षाचे मौन धरले, आणि मार्च 1975 मध्ये पवनारच्या अधिवेशनात तडा सर्वांना दिसला. पन्नाशी-साठी ओलांडलेली, एकाच ताटात जेवलेली माणसे डोळे पुसत वेगळी झाली. वर्ध्याचेच ठाकुरदास बंग जयप्रकाशजींच्या बाजूस गेले आणि पुढे तुरुंगात पडले.

25 जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडण्यापूर्वी जयप्रकाशजी अटकेत होते. पवनारचा वृद्ध मौनात होता. खासदार वसंत साठे भेटीस आले असता विनोबांनी महाभारताच्या एका पर्वाच्या शीर्षकाकडे निर्देश केला: अनुशासन पर्व. साठे यांनी ही हकीकत बाहेर सांगितली, आणि काही दिवसांत ते दोन शब्द सरकारी फलकांवर, स्थानकांच्या भिंतींवर, कचेऱ्यांच्या दारांवर झळकू लागले. भीष्माने शरशय्येवरून युधिष्ठिराला केलेला दानधर्माचा उपदेश म्हणजे ते पर्व. त्याचा आणीबाणीच्या हुकमाशी काय संबंध? पण बोलणारा बोलत नव्हता, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आणि अर्थ लावण्याचे काम सरकारने आपल्याकडे घेतले. 25 डिसेंबरला मौन सुटल्यावर विनोबांनी स्पष्ट केले की शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन निर्भय व निष्पक्ष आचार्यांचे असते. हे स्पष्टीकरण सहा महिने उशिरा आले. या विलंबाची किंमत तुरुंगातील माणसांनी आणि विनोबांच्या नावाने मोजली, असे मी दुःखाने म्हणतो.

परंतु त्यांना तेवढ्यावर दोषी ठरवून थांबणारे जानेवारी 1976 विसरतात. त्या महिन्यात पवनारला आचार्य संमेलन भरले. कुलगुरू, विधिज्ञ व साहित्यिक जमले, श्रीमन्नारायण संयोजक होते. त्यांनी एकमताने जे निवेदन काढले त्यात बंदिवानांची मुक्तता आणि देश पूर्वस्थितीवर आणण्याची अपेक्षा होती. सरकारला ते मानवले नाही. ज्या शासनाने आश्रमातून दोन शब्द आनंदाने नेले, त्याला त्याच आश्रमातून आलेला सल्ला नको होता. त्याच वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी 11 सप्टेंबरपासून उपवासाचा निश्चय कळविला, तेव्हा ती वार्ता छापणाऱ्या ‘मैत्री’ या आश्रमाच्या मासिकाचे अंक पोलिसांनी पवनारला येऊन जप्त केले. आश्वासने मिळाल्यावर उपवास टळला. महाराष्ट्राचा प्राणी रक्षण अधिनियम त्याच साली झाला. म्हणजे उपवासापुढे शासन वाकत होते, निवेदनापुढे वाकत नव्हते. जो उपवास गायीसाठी करण्याचा निश्चय झाला तो बंदिवान माणसांसाठी का झाला नाही, हा प्रश्न त्या काळी अनेक सर्वोदयी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या मनाला विचारला, आणि मलाही त्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

मार्च 1977 मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि मोरारजी देसाई, म्हणजे आणखी एक गांधीमार्गी, पंतप्रधान झाले. विदर्भाने मात्र बहुतेक जागा काँग्रेसलाच दिल्या. पराभूत इंदिरा गांधी जुलैत पवनारला येऊन विनोबांना भेटल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यात त्या बिहारमधील बेलचीच्या पीडित हरिजनांकडे गेल्या. त्यांच्या पुनरागमनाचा आरंभ येथून झाला, असे मानणारे पुष्कळ आहेत; विनोबांच्या दृष्टीने दारी आलेल्या दुःखी माणसाला भेटणे एवढाच त्याचा अर्थ असावा. एप्रिल 1979 मध्ये गोरक्षणासाठी त्यांनी खरोखरच उपवास केला, मोरारजींनी घटनादुरुस्तीचे आश्वासन दिले, आणि जुलैत ते सरकारच कोसळले. 1980 साली इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या, आणि वर्ध्याचे खासदार म्हणून वसंत साठे निवडून आले.

नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य केले आणि 15 तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. वारस नेमला नाही. पुढच्या वर्षी भारतरत्न मरणोत्तर जाहीर झाले. ब्रह्मविद्या मंदिर आपल्या सर्वसंमतीच्या नियमाने चालूच राहिले. विदर्भात 1953 च्या अधिनियमाचा अंमलही चालूच राहिला. त्याच्या तरतुदीनुसार भूदानधारकाची जमीन वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते, पण ती विकता येत नाही, आणि ती विकली गेल्याच्या तक्रारींवर महसूल कचेऱ्यांत सुनावण्या होत आल्या आहेत.